टेबलावरच्या हिरव्या बांगड्या

आई,

तुझ्या जागेशेजारच्या पालाची दोरी कापली. भर बाजारात, उन्हं डोक्यावर असताना, एवढी माणसं बघत असताना कापली. बांगड्यावाल्या मन्यारमामांच्या पालाची. तू गेल्याला वीस वर्षं होऊन गेली, पण बाजाराची रीत काही बदललेली नाही. अजूनही जो तो आपली ताडपत्री शेजारच्याच्या बांबूला बांधतो, शेजारचा त्याच्या पलीकडच्याच्या, आणि पिंपळापासून मटण मार्केटच्या भिंतीपर्यंत एकच लांब सावली होते. ती गाठ तूच मला शिकवलीस. आपली दोरी मामांच्या बांबूला, मामांची आपल्या बांबूला. बाजारात बसणाऱ्या शेंबड्या पोरालाही ही गोष्ट ठाऊक असते. पण दोरी कापणारे कधी बाजारात बसलेलेच नाहीत, त्यांनी बाजार बघितलाय तो मोटरसायकलवरून हॉर्न वाजवत जाताना. त्यांना वाटलं, मन्याराचं तेवढं पाल पडेल. पडली अख्खी रांग. मिरचीवाली, फुटाणेवाला, आता तुझ्या जागेवर बसते ती भाजीवाली, सगळ्यांच्या डोक्यावर ताडपत्र्या आल्या. लसूण विकणाऱ्या म्हातारीला बांबू लागला, भुवई फुटली तिची. आणि ती पोरं हसत होती, आई. एकाने मोबाईल वर धरून सगळं टिपून घेतलं.

त्या पोरांचा राग आला, नाही कशाला म्हणू. मुडदा बशिवला त्यांचा! पण त्याहून जास्त संताप झाला तो आपल्याच लोकांचा. मी निरोप मिळाल्या मिळाल्या पळत गेले, तर मामा खाली बसून फुटक्या काचा वेचत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, गुडघे वाकत नाहीत, बूड टेकून सरकत सरकत वेचत होते, कुणाच्या पायात जाईल म्हणून. आणि मिरचीवाली त्यांच्या डोक्यावर उभी राहून ओरडत होती, "मामा, तुमी आता बसूच नका हितं. तुमच्यापायी आमच्या पोटावर पाय येतोय." दोरी कापणारा पलीकडंच उभा होता, गळ्यातलं उपरणं नीट करत. त्याला एक शब्द नाही. बोलणी कुणाला, तर मामांना. आणि मामा म्हणाले, "व्हय बाई, चुकलंच माझं. न्हाई बसत."

चुकलं! काय चुकलं गं त्यांचं? मी त्या मिरचीवालीला असं काही सोलून काढलं की तिने तोंड फिरवलं, पण माझ्या बोलण्याने काय व्हायचं होतं? मामांनी पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि सायकल ढकलत निघाले. मी मागोमाग. म्हटलं, "मामा, यात्रेला तरी बसाल ना?" आपली चैत्रातली यात्रा पंधरवड्यावर आली होती. यात्रेत बांगड्या भरल्याशिवाय या गावची लेक सासरी परतत नाही, हे मी तुला काय सांगू. मामा थांबले पण नाहीत. "बास झालं, पोरी," म्हणाले. "आता घरीच बरं हाय." घरी बसून तो माणूस वर्षभरात मरेल, हे मला तिथंच कळलं. बायकांच्या गजबजाटाशिवाय ज्याचा एक दिवस गेला नाही, तो घरात काय करणार, भिंतीला बांगड्या भरणार?

हे काही एका दिवसात झालेलं नाही. आधी बाजाराच्या कमानीला पाट्या लागल्या. 'खरेदी फक्त आपल्या माणसांकडून.' पाटी कुठं लावली, तर नगरपालिकेच्या दिव्याच्या खांबाला. मग शाळेच्या मैदानावर बाहेरचा एक भाषणवाला आला. एवढाले भोंगे लावून तो तासभर हेच सांगत होता की या मोहल्लेवाल्यांकडून भाजी घेऊ नका, यांच्याकडं गाडी दुरुस्त करू नका, यांना भाड्याने खोली देऊ नका. आणि आपली माणसं टाळ्या वाजवत होती. ज्यांच्या गाडीचा क्लच गेली तीस वर्षं मोहल्ल्यातला मिस्त्री बदलतो, ती माणसं! मग तो व्हिडिओ निघाला. आपल्याच आळीतल्या एका लेकीचं लग्न होतं, चुडा भरायला मामांना घरी बोलावलं होतं, रीतीप्रमाणे. मामा मांडवात पोत्यावर बसलेत, नवरीचा हात हातात घेतलाय, बाया भोवती हसतायत. ते कुणीतरी टिपलं आणि खाली लिहिलं, 'बघा, कुणाच्या हातात देताय आपल्या लेकी.' गावभर फिरला तो. ज्याने मामांना सन्मानाने घरी बोलावलं होतं, पाटावर बसवून जेवू घातलं होतं, त्या मुलीच्या बापाने एक शब्द काढला नाही. मी विचारलं त्याला. म्हणाला, "ताई, जाऊ द्या ना, दोन दिसात इसरतील लोक." मी म्हटलं, "तू विसरशील. मामांनी कसं विसरायचं?"

तुला आठवतं ना, आई, तुझा हात त्यांनी कसा धरला होता ते? बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते. तेराव्याच्या आत आळीतल्या बायांनी तुझ्या हातातल्या बांगड्या वाढवल्या, कपाळ पुसलं, आणि महिन्याभरात तू पुन्हा बाजारात पोतं टाकून बसलीस, कारण दुसरं करणार काय होतीस. मी शाळा सुटल्यावर तुझ्यापाशी येऊन बसायचे. तुझे ते मोकळे हात मला बघवायचे नाहीत. गिऱ्हाईक बायासुद्धा तुझ्या हातून पेंडी घेताना जरा अवघडायच्या, मला कळायचं ते. आणि मग एका बाजारी मामा आपली पेटी सोडून आपल्या पोत्यावर येऊन बसले. "बहिणी, हात आण हिकडं," म्हणाले. तू हात मागे घेतलास. "लोक काय म्हणतील, भाऊ?" "लोकांचं ऱ्हाऊ दे. भाऊ भरतोय म्हणाव." आणि त्या माणसाने सगळ्या बाजारादेखत तुझा हात धरला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून लहान केला, आणि दोन दोन साध्या काचेच्या बांगड्या चढवल्या. हिरव्या नव्हत्या, तपकिरी होत्या. तू रडत होतीस आणि वांगी मोजत होतीस. रीतीप्रमाणे तू वाकून नमस्कार केलास आणि त्यांनी तोंडातल्या तोंडात दुवा दिली. त्या दिवसापासून ते माझे मामा. भाऊबीजेला तू त्यांना ओवाळायचीस, ते टोपी घालून ताठ बसायचे, आणि मला ओवाळणीच्या ताटातला लाडू हवा असायचा. कासुर्डीपासून केडगावपर्यंत सायकलवर बांगड्या विकणारा माणूस. आख्ख्या पट्ट्यात अशी बाई नसेल जिचं मनगट त्यांना माहीत नाही. आणि त्यांच्यावर हा आळ! तू असतीस तर त्या व्हिडिओवाल्याला चपलेने हाणलं असतंस, आणि मी तुला अडवलं नसतं.

तुझी मुलगी आता नगरसेविका आहे बरं का. हसू नकोस. वॉर्ड बायकांसाठी राखीव पडला, उभी राहायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी. गटारं, लाइट, पाण्याची वेळ, यातच दिवस जातो. पण बाजारात दोरी कापली त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि सकाळी उठून मी ठरवलं, आता हे सभेत आणायचं. जागा कुणाची? नगरपालिकेची. खांब कुणाचा? नगरपालिकेचा. मैदान कुणाचं? नगरपालिकेचं. मग त्या पाट्या तिथं लागतात तेव्हा नगरपालिका काय करते? डोळे मिटून बसते. म्हणजे तीही टाळ्याच वाजवते की.

हे गावात फुटायला वेळ लागला नाही. दोरी कापणाऱ्याची आई सकाळीच माझ्या दारात. ओळखतेस तू तिला, आपल्या मागच्या आळीत लग्न होऊन आली ती. पोरगा कुरकुंभच्या कारखान्यात पाळीत कामाला होता, ठेकेदार बदलला तसा घरी बसला, आणि आता उपरणं घालून हिंडतो. ती म्हणाली, "ताई, पोराचं नाव तेवढं घेऊ नका. चांगला हाय वं तो, संगतीनं बिघडलाय." मला तिची कीवही आली, खोटं कशाला बोलू. पण रागही आवरेना. मी म्हटलं, "तुझ्या लग्नाचा चुडा कुणी भरला?" ती जायला उठली. "सांग की. त्या वेळी तुझा हात कुणी धरला होता?" ती हळूच म्हणाली, "मामांनी." "मग हे पोराला सांगितलंस?" पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिला चहा दिला, पण नाव घेणार नाही असा शब्द दिला नाही.

अध्यक्षांकडं गेले. अध्यक्ष म्हणजे सिमेंटचं दुकान असलेले आपले ते तात्या. म्हणाले, "अहो ताई, निवडणुका तोंडावर आल्यात. कशाला आगीत हात घालता? मी आतून सांगतो त्या पोरांना." मी म्हटलं, "तात्या, तुम्ही आतून सांगताय तोवर म्हातारा माणूस बाहेर बसून काचा वेचतोय." शेवटी हो-नाही करत ऐनवेळचा विषय म्हणून घ्यायला ते तयार झाले. मला वाटतं, वेळ आल्यावर सभाच आटोपती घ्यायचा त्यांचा बेत होता.

सभेच्या दिवशी काय झालं ते ऐक. आम्ही सगळे सभागृहात बसलेलो. पाणीपट्टी झाली, नाल्याचं टेंडर झालं. तेवढ्यात खालून घोषणा ऐकू आल्या आणि दहा-पंधरा पोरं जिन्यावरून वर घुसली. शिपाई बिचारा दारात हात आडवे करून उभा, त्याला ढकलून आत. पुढं तोच, दोरी कापणारा. त्याच्या हातात ताट. ताटात खण, हळदीकुंकू, आणि हिरव्या बांगड्यांचा ढीग. ते ताट त्याने अध्यक्षांच्या टेबलावर आदळलं आणि म्हणाला, "घ्या अध्यक्ष, भरा. धर्माचं काम तुमच्यानं व्हत न्हाई, तर हातात हे घालून घरात बसा." पोरांनी शिट्ट्या मारल्या. अध्यक्षांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता हे उठून जाणार. बाकीचे पुरुष नगरसेवक टेबलाकडं बघत होते, जणू ताटात साप ठेवलाय.

आणि मला तू आठवलीस. चौथीत असताना शेजारच्या पोराशी भांडण झालं, तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, "घाबरतोस ना, मग बांगड्या भर." तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. तशी पिठाच्या हाताने उठलीस आणि माझा दंड धरून मला अंगणात नेलंस. मारलं नाहीस. तुझे दोन्ही हात माझ्या नाकापुढं धरलेस. बांगड्यांना पीठ लागलेलं. म्हणालीस, "हे हात भित्रे हाईत व्हय गं? ह्या हातानं पहाटं मोट भरून भाजी उचलते मी. ह्या हातानं तुला वाढवली. परत हे बोलशील तर जेवायला मिळायचं न्हाई." आणि त्या दिवशी खरंच संध्याकाळपर्यंत मला वाढलं नव्हतंस. मला तेव्हा फार अन्याय वाटला होता तो. त्या सभेत मात्र एकेक शब्द उपयोगी आला.

मी उठले. माईक बंद होता, पण मला माईक कधी लागलाय? तुझाच आवाज आहे माझा, अर्ध्या बाजाराला ऐकू जाणारा. म्हटलं, "अरे ए, हे ताट तिकडं कशाला ठेवलंस? इकडं आण. या सभागृहात निम्म्या बायका आहेत आणि सगळ्यांच्या हातात बांगड्या आहेत. आम्ही घरात बसलोय का? तुझ्या आळीतली मोरी काल तुंबली तेव्हा गुडघाभर घाणीत उभं राहून काढून कुणी घेतली? याच हातांनी. तुझी आई बांगड्या घालून लोकांच्या शेतात कांदे काढते आणि तुझ्या मोटरसायकलमध्ये पेट्रोल घालते. तिला भित्री म्हणतोस?" मी ताट ओढून घेतलं, बांगड्यांची एक माळ उचलली, आणि मला हसू फुटलं, रागाच्या भरात हसू येतं तसलं. बांगड्या दोऱ्यात ओवून शेवटी दुहेरी गाठ मारलेली होती. ती गाठ आपल्या गावात एकच माणूस मारतो. मी म्हटलं, "या कुठून आणल्यास रे?" तो गोंधळला. मागचा एक पटकन बोलून गेला, "मन्याराकडनं. दुसरं कोण हाय गावात?" बाया हसल्या. आधी दोघी, मग सगळ्या. शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसला. पाटी लावतात 'फक्त आपल्या माणसांकडून', आणि आमचा अपमान करायला बांगड्या लागल्या तेव्हा गेले मामांच्याच दारात. नंतर मामांनी मला सांगितलं, "मी इचारलं त्यास्नी, कुणाचं लगीन हाय? हसली पोरं. मी म्हणलं, हिरव्याच न्या, चांगल्या असत्यात."

हसू विरल्यावर मी ठराव वाचला. नगरपालिकेच्या जागेतल्या सगळ्या पाट्या काढायच्या. बाजारात आणि यात्रेत ज्याची जागा त्याचीच राहील, कुणाचा धर्म विचारायचा नाही. बहिष्काराची भाषा करणाऱ्या कुठल्याही टोळक्याला नगरपालिकेचं मैदान आणि सभागृह मिळणार नाही. आणि दोरी कापल्याची फिर्याद मामा देणार नाहीत, नगरपालिका देईल. 'अनुमोदन कुणाचं?' असं मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं. कुणी हलेना. मोहल्ल्यातून निवडून आलेला आमचा सहकारी मान खाली घालून बसला होता. त्याने हात वर केला की विषय 'त्यांचा' होणार, हे त्याला कळत होतं आणि मलाही. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. मग मागून आवाज आला. आमच्यात एक रिटायर नर्सबाई आहेत, केडगावच्या मिशनच्या आवारात लहानाच्या मोठ्या झालेल्या. कधी सभेत बोलत नाहीत. त्या उभ्या राहिल्या. "नाताळला माझ्या दारातला तारा याच पोरांनी काढायला लावला होता. मी काढला आणि गप्प बसले. आता नाही बसणार. माझं अनुमोदन." मग एकेक हात वर गेला. बांगड्यांचा आवाज झाला. अध्यक्षांनीही हात वर केला. खरं सांगू, त्यांना मामांचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना ते ताट झोंबलं होतं. पण मत ते मत, मी काय त्याला नाक मुरडणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून घंटागाडी कचऱ्याच्या गाण्यासोबत ठराव सांगत फिरली. ओला कचरा, सुका कचरा आणि मग, "नगरपालिकेच्या बाजारात कोणालाही त्याच्या धर्मावरून अडवणाऱ्यावर कारवाई होईल." आळीतल्या बाया बादल्या घेऊन उभ्या राहून ऐकत होत्या. पाट्या निघाल्या. फिर्याद दाखल झाली. मला फोनवर घाण घाण शिव्या आल्या, अजून येतात. घराच्या भिंतीवर काहीबाही लिहून ठेवलं. लिहू दे. पण लोक बदलले असं तुला सांगून मी तुला फसवणार नाही. टाळ्या वाजवणारे तेच, फक्त आता हात खिशात आहेत. लसणाच्या म्हातारीची भुवई बरी झाली, पण तिला बघायला कुणी गेलं नव्हतं.

मी मामांच्या घरी तीनदा गेले. पहिल्यांदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले, "तुझ्या शब्दापायी येतो." यात्रेच्या दिवशी सकाळी गेले तर खरंच बसलेले. तीच जागा, तीच पेटी, धुतलेली टोपी. त्यांची दोरी भाजीवालीने आपल्या बांबूला बांधून दिली होती. मिरचीवाली बोलली काही नाही, पण तिने आपली ताडपत्री ओढून त्यांच्यावर सावली केली, ते मी पाहिलं. अध्यक्ष फोटोसाठी हजर, पेपरवाले दोघं. यात्रा भरलेली. सगळ्यांचं म्हणणं, ताई, पहिला चुडा तुम्हीच भरा. मी पोत्यावर बसले आणि हात पुढं केला. आई, मला वाटलं, आपण जिंकलो.

मामांनी पेटी उघडली. माझ्या हाताकडं बघितलं. मग वर बघितलं, माणसांकडं. मग बांगड्या काढल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या, अशा की त्यांचं बोटही मला लागलं नाही. "तूच घाल, पोरी." मला कळेचना. हळूच म्हटलं, "मामा, भरा की. ठराव झालाय. नगरपालिका आहे तुमच्या मागं." ते म्हणाले, "व्हय. म्हणून तर बसलोय." मग अगदी बारीक आवाजात, "समद्यांकडं मोबाईल हाय, पोरी. हात न्हाई धरवत."

माझा हात तसाच राहिला, आई. हवेत. तुझा हात धरला तेव्हा सगळा बाजार बघत होता, तेव्हा हा माणूस घाबरला नव्हता. 'भाऊ भरतोय म्हणाव' म्हणाला होता. तोच माणूस, आणि माझा हात लहानपणापासून त्याच्या ओळखीचा. कसली फिर्याद आणि कसला ठराव! ती पोरं मामांची जागा काढून घ्यायला गेली आणि मामांच्या हातून हात धरणंच कापून घेऊन गेली, आणि ते कुठल्या सभेत परत मागायचं, मला ठाऊक नाही. मला त्या वेळी असं ओरडावंसं वाटलं की सगळी यात्रा थांबावी. पण मामा बघत होते माझ्याकडं, विनवल्यासारखं. तेवढ्यात फोटोवाल्याला कुणीतरी हाक मारली, त्याने मान वळवली, आणि मी पटकन स्वतःच बांगड्या चढवल्या. त्यांनी मला दोन-आठच्या, मोठ्या मापाच्या दिल्या होत्या. माझा हात दोन-चारचा. पण दोन-चारची बांगडी त्यांनी हात दाबल्याशिवाय माझ्या हाडावरून जातच नाही, फुटते. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आला तो. 'मन्यारमामांच्या हातून नगरसेविकेने भरला चुडा.' लोकांनी फोन केले. अध्यक्षांनी फोटो फ्रेम करून नगरपालिकेच्या जिन्यात लावलाय. नर्सबाई मला मिठी मारून रडल्या. मी सगळ्यांना म्हटलं, हो, भरल्या. माझ्यामागून यात्रेत बसलेल्या प्रत्येक बाईच्या तळहातावर मामांनी तशाच बांगड्या ठेवल्या, आणि त्या बायांनीही घरी जाऊन काही सांगितलेलं दिसत नाही.

हा कागद कुठं टाकणार आहे मी, तुझा पत्ता काय? ट्रंकेत ठेवीन तुझ्या लुगड्याखाली. लिहिताना बांगड्या मनगटावरून सारख्या खाली येतायत, ढिल्या आहेत, दर ओळीला वर सारते आहे. मामांनी नाही भरल्या गं. मीच घातल्यात.